गवती चहा आणि करवंदांचं गार सरबत

बेळगावातल्या आमच्या वडगावात दुपारी तीनच्या सुमारास मागांचा खडखडाट जरा थांबतो. चहाची वेळ. आमच्या घरी दोन यंत्रमाग, आम्ही दोघं आणि कामाला येणारे तिघं. वर्षभर त्या वेळेला गॅसवर दुधाचा चहा उकळत असतो. पण एप्रिल लागला, वरचे पत्रे तापले, की तोच चहा पिताना माणसं घामाने निथळायला लागतात. आठ वर्षांपूर्वी मी उन्हाळ्यापुरता दुपारचा चहा बंद केला आणि गवती चहाचं गार सरबत सुरू केलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाकं मुरडली. चौथ्या दिवशी मला करायला उशीर झाला, तर आतून हाक आली, "आक्का, मज्जिगे हुल्लु आज नाही काय?" आमचे कामगार घरी कन्नड बोलतात. मज्जिगे म्हणजे ताक, हुल्लु म्हणजे गवत. गवती चहाला ते ताकाचं गवत म्हणतात. त्या हाकेनंतर आमच्या घरी उन्हाळ्यात दुपारचा चहा झाला नाही.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. तिथे परसात गवती चहाची बेटं आणि घरामागच्या चढावर करवंदीच्या जाळ्या. दोन्ही एकाच महिन्यात हाताशी, पण तिकडे गवती चहा फक्त पावसाळ्यात, सर्दी झाली की आठवतो आणि करवंदं नुसतीच खाल्ली जातात. या दोघांना एका तांब्यात आणायचं मला वडगावच्या उकाड्याने शिकवलं.

नावात चहा असला तरी यात चहाची पत्ती नाही, हे आधी सांगते. हे गवत आहे. त्यात कॅफीन नसतं, म्हणून संध्याकाळी सात वाजता मुलांना दिलं तरी ती रात्री जागत बसत नाहीत. दुसरी गोष्ट, पत्तीचा चहा फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो, त्याला एक तुरटपणा येतो. गवती चहाचं पाणी गार झाल्यावरही स्वच्छ राहतं. फळांबरोबर ते जमतं ते यामुळेच.

आता सामान. साधारण बारा पेल्यांना पुरेल एवढं सांगते. गवती चहाची बारा ते पंधरा लांब पानं, बाजारातली अर्धी पेंडी. अंगठ्याएवढं आलं. तुळशीची पंधरा-वीस पानं, मूठभर पुदिना. लाल, साध्या पाच पाकळ्यांच्या जास्वंदीची आठ फुलं. पाव किलो पिकलेली करवंदं. तीन रसदार लिंबं. एक वाटी साखर. दोन चमचे सब्जा. मीठ, आणि असेल तर चिमूटभर पादेलोण. पाणी एकूण सव्वादोन लिटर. भांडी स्टीलचीच घ्या. करवंद आणि लिंबू दोन्ही आंबट. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कल्हई उडालेल्या पितळेत हे अजिबात करू नका.

गवती चहा विकत घेत असाल तर पानाचं टोक बघू नका, बुंधा बघा. टोकं उन्हाने वाळलेली असतातच. बुंध्याचा फिकट हिरवा, जरासा जांभळट भाग ताजा असायला हवा. नखाने दाबला की लिंबाचा वास उसळून यायला हवा. तिथेही पुष्कळ वास असतो, आणि पुष्कळ बायका नेमका तोच भाग कापून टाकतात. धुताना पान बुंध्याकडून टोकाकडे पुसत जा. उलट हात फिरवला तर कडेची बारीक करवत बोट कापते, आणि ती चिरकी लिंबू पिळताना अशी झोंबते की विचारू नका. परसात लावणार असाल तर फुटक्या बादलीतही येतो. जमिनीच्या वर चार बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटतो.

पानं धुतली की बुंधे वरवंट्याने हलके चेचायचे. पीठ करायचं नाही, नुसते फुटले पाहिजेत. मग सगळ्या पानांची एक जुडी करून तिलाच गाठ मारायची, म्हणजे नंतर काढायला सोपं.

इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण चव बिघडते ती इथे. आपल्याला सवय काढा उकळायची. खोकल्याला करतो तसा, चाराचं एक होईपर्यंत. या सरबतासाठी ते चालत नाही. गवती चहाचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. तुम्ही पातेलं उघडं ठेवून दहा मिनिटं उकळलंत तर घरभर सुंदर वास सुटेल आणि पातेल्यात गवताचं पाणी उरेल. घरात वास सुटला म्हणजे पेल्यातला गेला, एवढं लक्षात ठेवा.

म्हणून मी असं करते. दीड लिटर पाणी घेऊन त्यात ठेचलेलं आलं टाकते आणि पाच मिनिटं खळखळ उकळते. आलं कंद आहे, त्याला उकळी लागते. मग गॅस बंद. पाण्याच्या गुडगुड्या थांबल्या की गवती चहाची जुडी आत बुडवायची आणि वर घट्ट झाकण, झाकणावर वाटीभर गार पाणी. वाफ वर जाते, गार झाकणाला लागते, थेंब होऊन परत खाली पडते. पंधरा मिनिटं झाकण उचलायचं नाही. बारा मिनिटांनी तुळस टाकायला एकदाच, पटकन. तुळस आधीपासून ठेवली तर औषधासारखी लागते. पुदिना तर या गरम पाण्यात घालूच नका. तो काळा पडतो, कडवट होतो. त्याची वेळ अगदी शेवटी येणार आहे.

पंधरा मिनिटांनी झाकण काढलं की पाणी फिकट पिवळसर-हिरवं दिसेल. रंग फिका म्हणून पानं आणखी ठेवू नका. एक चमचा घेऊन फुंकून चाखा: हे आत्ता जरा जास्तच कडक लागलं पाहिजे. नंतर बर्फ पडणार, फळाचा रस पडणार, आणि गार झालं की जिभेला वासही कमी कळतो, गोडीही कमी कळते. गरम असताना बेताचं लागणारं सरबत गार झाल्यावर बेचव लागतं. साखर आणि दोन चिमटी मीठ आत्ताच, कोमट पाण्यात विरघळवून घ्या. गूळ घालायचा असेल तर घाला, आमच्या भागात चांगला मिळतो, पण त्याचा स्वतःचा वास गवती चहावर बसतो आणि रंगही मातकट होतो. मी या एका सरबताला साखरच घालते.

आता जास्वंद. हे सगळ्यांना मुलांसमोर करायला सांगते. फुलांचे हिरवे देठ आणि मधली पराग असलेली दांडी काढून टाका, फक्त पाकळ्या ठेवा. बाजारात हाराच्या फुलांवर औषध मारलेलं असतं, म्हणून घरची किंवा शेजारची फुलं घ्या. पाकळ्यांवर एक मोठा पेला उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकायचं. पाकळ्या पांढरट होतात, लुळ्या पडतात आणि पाणी जांभळट होतं. बोअरचं पाणी जड असेल तर चक्क निळसर, राखेसारखं दिसतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ते पाणी बघून बिघडलं म्हणून मोरीत ओतणार होते. सासूबाई मागे उभ्या. म्हणाल्या, "थांब की जरा, लिंबू तर पीळ." अर्ध्या लिंबाचा रस पडला तिथून लाल रंगाची एक शेपूट निघाली, गोल फिरली, आणि बघता बघता पेला डाळिंबासारखा झाला. जास्वंदीच्या रंगाचा तो गुणच आहे, आंबट लागलं की लाल, नाहीतर निळा. आता आमची नात शेजारच्या पोरांना जमवते आणि लिंबू पिळायचा मान स्वतःकडे ठेवते.

जास्वंद नसेल तर अडत नाही, करवंदांचा रंग येतोच. घरात कुणी गरोदर असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल तर जास्वंद घालूच नका, किंवा आधी डॉक्टरांना विचारा.

करवंदं. बेळगावात गणपत गल्लीकडे आणि शहापूरच्या खडेबाजारात खानापूरकडच्या बायका मे महिन्यात बुट्ट्या घेऊन बसतात. पानाच्या द्रोणात किंवा मापाने देतात. कन्नड बोलणारी मावशी असेल तर कवळी हण्णु मागा. दर पाडून मागू नका. काट्यांच्या जाळीत हात घालून एकेक फळ काढलेलं असतं. माहेरी मी ते केलं आहे, पाव किलोला किती ओरखडे येतात ते मला ठाऊक आहे.

घ्यायची ती काळीभोर, दाबली की मऊ लागणारी. लालसर, कडक करवंदं लोणच्याला ठेवा, त्यांचा पांढरा चीक सरबतात उतरला की ओठ चिकटतात. पिकलेल्यालाही देठापाशी थोडा चीक असतोच. म्हणून देठ काढून करवंदं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, हाताने एकमेकांवर हलकी चोळायची, आणि दोनदा धुवायची. लहानपणी आम्ही करवंद फोडून कोंबडा की कोंबडी खेळायचो. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. सरबताला कोंबडे जास्त निघाले तर तुमचं नशीब, रंग त्यांचाच.

धुतलेली करवंदं मोठ्या भांड्यात घेऊन हातानेच कुस्करा. मिक्सर नको. मिक्सरने बिया फुटतात आणि सगळा गर तुरट होतो. कुस्करताना वाटीभर गार पाणी घालत जा, मग पिठाच्या चाळणीतून नव्हे, जरा मोठ्या भोकांच्या गाळणीतून, पळीने दाबून गाळा. दाट, जांभळा रस निघेल. हा रस शिजवायचा नाही. गरम पाण्यातही घालायचा नाही. फळ गरम झालं की त्याची जंगलातली ती कोवळी आंबूस चव जाते आणि जॅमसारखी चव येते.

गवती चहाचा काढा गाळून झाला की तो गार करायची माझी पद्धत साधी आहे. परातीत गार पाणी, त्यात पातेलं. पाणी कोमट झालं की बदलायचं. दोनदा बदललं की अर्ध्या तासात काढा गार. मग फ्रिज. त्यातलाच थोडा काढा आधी बाजूला काढून स्टीलच्या लहान वाट्यांमध्ये गोठवायला ठेवते. साध्या पाण्याचा बर्फ घातला की शेवटचे दोन घोट पांचट होतात. काढ्याचाच बर्फ असला तर शेवटचा घोट पहिल्यासारखा लागतो. वाटीएवढा मोठा खडा सावकाश विरघळतो हेही एक आहे. बाहेरून बर्फाची लादी आणणार असाल तर ती पातेल्याबाहेर ठेवा, गार करायला. पेल्यात घालू नका. ती कुठल्या पाण्याची आहे ते आपल्याला माहीत नसतं.

प्यायला द्यायच्या वेळी मोठ्या तांब्यात गार काढा, जास्वंदीचं लाल पाणी, करवंदांचा रस आणि अर्धा लिटर गार पाणी एकत्र करा. उरलेली लिंबं एकदम पिळू नका. करवंदं किती आंबट निघाली त्यावर ते ठरतं. एक पिळा, चाखा, मग पुढचं. सब्जा पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून फुललेला हवा. कोरडा कधीच नको, लहान मुलांच्या घशात अडकतो. पुदिन्याची पानं एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा टाळी वाजवल्यासारखी दाबायची आणि पेल्यात टाकायची. तेवढ्याने वास मोकळा होतो, पान चिरडत नाही. पादेलोण ज्याला हवं त्याने घ्यावं.

एक अनुभव सांगते, तो तुमच्या उपयोगाचा आहे. बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, तिथीप्रमाणे होते, आणि मग चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. सजीव देखाव्यांत उभी असलेली पोरं, ढोलवाले, लेझीमवाल्या मुली, ट्रॅक्टर ढकलणारे, सगळे घामाघूम. वाटेवर लोक त्यांना पाणी, सरबत देतात. सहा वर्षांपूर्वी नणंदेच्या दारात आम्हीही द्यायचं ठरवलं. मी दुपारी दोन वाजताच सगळं करून, फळ, साखर, काढा एकत्र करून, नव्या कोऱ्या मोठ्या माठात भरून ठेवलं. माठ गार ठेवील म्हणून. मिरवणूक लांबत गेली. आमच्या दारासमोर पहिला रथ आला तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. झाकण काढलं तर वर बारीक फेस, आणि पेल्यात ओतलं तर सोड्यासारखे बुडबुडे. वासही वेगळा. सरबत आंबलं होतं. करवंदाच्या सालीवर जी किण्वं, म्हणजे यीस्ट, असतात, त्यांना साखर मिळाली, ऊब मिळाली आणि चौदा तास मिळाले. दारू याच वाटेने तयार होते. समोर शिवबाच्या वेशातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा पेला मागत उभा, आणि मी पेला मागे घेतला. त्याला साधं पाणी दिलं. साठ पेल्यांचं सरबत सकाळी मोरीत गेलं, माठही पुन्हा पिण्याच्या पाण्याला वापरता आला नाही, कारण त्याच्या भोकाभोकांत तो आंबूस वास बसला.

तेव्हापासून माझा नियम आहे. काढा वेगळा, करवंदांचा रस वेगळा, आणि दोघांची भेट फक्त पेल्याआधी पाच मिनिटं. रस फ्रिजमध्ये, फ्रिज नसेल तर गार पाण्याच्या परातीत, आणि तो त्याच दिवशी संपवायचा. काढा साखर न घालता ठेवला तर फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. एकत्र केलेलं सरबत तासाभरात संपलं पाहिजे. माठात फक्त पाणी भरा. गोड, आंबट काही नाही. माठातलं ते गार पाणीच सरबतात वापरा, त्यात वाळ्याची जुडी टाकलेली असेल तर फारच छान.

पुढच्या वर्षी मिरवणुकीला पुन्हा केलं, या पद्धतीने. काढा पाचपट, पण एका पातेल्यात नाही, दोन पातेल्यांत, कारण मोठं पातेलं आतून लवकर निवत नाही. नणंद रस ओतायची, मी काढा, नातेवाइकांची मुलं पेले धुवायला. पहाटे पाचपर्यंत शेवटचा पेला पहिल्यासारखाच लालभडक होता. ढोल पथकातल्या एका मुलाने तीन पेले घेतले आणि विचारलं, "काकू, यात आहे तरी काय?" मी गवती चहाची गाठ मारलेली जुडी उचलून दाखवली. त्याने ती हुंगली, कमरेच्या शेल्यात खोवली आणि ढोल घेऊन पुढे गेला.

करवंदं नसतील तेव्हाचं थोडक्यात. अननस गवती चहाशी सगळ्यात चांगला जमतो. बारीक फोडी करून वरून सोडा. कलिंगड चालतं, पण त्यालाच खूप पाणी सुटतं, म्हणून अर्धा लिटर गार पाणी कमी करा. वळीव पडून गेला आणि करवंदं संपली की जांभळं येतात, त्यांचा गर असाच कुस्करून. रातांबे मिळाले तर सोन्याहून पिवळं, नाहीतर चार आमसुलं कोमट काढ्यात भिजवा, मग लिंबू लागणार नाही. हापूसचा रस घालून बघितला, तो या काढ्याला जड होतो. आंबा आंबा म्हणूनच खावा. ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांना मी नुसता काढा, लिंबू, पुदिना आणि पादेलोण देते, फळाचा रस दोनच चमचे.

गाळून उरलेला करवंदांचा चोथा टाकू नका. बिया निवडून काढा, चोथ्यात गुळाचा खडा, दोन सुक्या मिरच्या आणि मीठ घालून मंद आचेवर परता. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर ती चटणी वाढा. आणि भिजलेली गवती चहाची पानं चिरून त्याच बेटाच्या बुडाशी घाला.